ओल्याचे माप, सुक्याचे वजन

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका छोट्या साप्ताहिकात मी सुक्या मासळीवर लेख लिहिला होता. शीर्षक माझेच होते आणि आज ते आठवले की मान खाली जाते. आठवडी बाजारातून घेतलेले सुके बोंबील मी पदरचे पैसे खर्चून एका खासगी प्रयोगशाळेत तपासायला दिले होते. अहवालात पाऱ्याचा आकडा कायद्यातल्या मर्यादेच्या वर होता. किलोमागे ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा, आणि त्यापुढे आमचा आकडा. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले आणि 'ताटात विष' अशा थाटाचा मथळा दिला.

पुढच्या मंगळवारी बाजारात गेलो. जिच्याकडून बोंबील घेतले होते ती मावशी नेहमीच्या जागी होती. लेखाचे तिला कुणीतरी सांगितले होते, पण ती त्यावर काहीच बोलली नाही. एक गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करत होते, त्याच्याशी तिचे चालले होते. "अरे भाऊ, सात किलो ओलं वाळवलं की किलोभर सुकं हातात येतं. माझी मजुरी सोड, सात किलोचे पैसे तरी देशील?" गिऱ्हाईक गेले. मी तिथेच उभा राहिलो. सात किलोचा एक किलो. म्हणजे सात किलोतला पारासुद्धा त्या एका किलोतच आला. मी ज्या मर्यादेशी तुलना केली होती ती ओल्या माशाची होती.

घरी येऊन अहवाल पुन्हा पाहिला. नमुना 'मासा' एवढेच लिहिले होते. आकडा सुक्या वजनावर होता, पण तसे कुठे नमूद नव्हते. सातने भागल्यावर तो मर्यादेच्या बराच खाली गेला. मी साप्ताहिकाला खुलासा पाठवला, तो आतल्या पानावर चार ओळींत छापून आला. मूळ लेख मात्र अजून लोकांच्या मोबाइलमध्ये फिरतो. त्या मावशीचे त्या पावसाळ्यात किती नुकसान झाले हे मला तिला विचारायचे धाडस झाले नाही.

हा लेख त्या चुकीतून निघाला. सुक्या मासळीत जड धातू असतात का, त्यांचा खाणाऱ्याला धोका किती, या प्रश्नाचा मी नंतर जमेल तसा मागोवा घेतला. मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही; जुने अहवाल, नियमांची पुस्तके आणि संशोधकांचे निबंध वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आले की सुक्या मासळीची भीती घालणारा मी पहिला नव्हतो. या भीतीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मिठापासून सुरू होतो.

आपल्या किनाऱ्यावर मासळी टिकवायच्या दोन चाली आहेत. उत्तर कोकणात बोंबील मिठाशिवाय, नुसत्या वाऱ्याउन्हावर वाळतो. बांबूच्या वलांडीवर दोऱ्या ताणतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. जवळा जमिनीवर किंवा ओट्यावर पसरतात. बांगडा, सुरमई, मुशी यांना मात्र मीठ लागते, कारण अंगात तेल किंवा मांस जास्त. नुसत्या उन्हाने आतपर्यंत वाळायच्या आधीच ते सडू लागतात. खारवायचे तर मीठ भरपूर हवे, आणि इंग्रजी अमदानीत मीठ म्हणजे सरकारी महसूल.

फ्रान्सिस डे हा मद्रास सरकारच्या नोकरीतला शल्यवैद्य माशांचा मोठा अभ्यासक होता. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या सागरी मासेमारीवरचा त्याचा अहवाल १८७३ मध्ये निघाला. मिठावरच्या करामुळे कोळ्यांना पुरेसे मीठ परवडत नाही, ते खारी माती वापरतात किंवा मीठ हात राखून लावतात, परिणामी अर्धवट कुजलेली मासळी गरिबांच्या पोटात जाते, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर मद्रास इलाख्यात सरकारी खारवणी वाडे निघू लागले. तिथे कोळ्याने मासे आणायचे, करमुक्त किंवा स्वस्त मीठ घ्यायचे आणि अंमलदाराच्या नजरेखाली तिथेच खारवायचे. मीठ वाड्याबाहेर जाता कामा नये, यावर सगळा कटाक्ष. १८८८ मध्ये हा कर मणाला अडीच रुपये झाला होता, त्यावरून त्या कटाक्षाचे कारण कळते. या व्यवस्थेचे कागद वाचताना एक गोष्ट खटकते. त्यांत मिठाचा शेर-छटाकापर्यंत हिशेब आहे. मासळी कोण खातो, किती खातो, याचा हिशेब नाही. आणि मिठाची गरजच नसलेला आमचा बोंबील तर त्या वह्यांत यायचे कारणच नव्हते.

डेचा अहवाल आला त्याच १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेन शहरात आर्मावर हान्सेन याला कुष्ठरोग्यांच्या ऊतींत जंतू दिसला. पुढे हाच कुष्ठरोगाचा जंतू ठरला. पण एका माणसाला ते उत्तर पुरेसे वाटले नाही. जोनाथन हचिन्सन हा लंडनचा ख्यातनाम शल्यवैद्य, तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा अध्यक्ष राहिलेला. नीट न खारवलेली, कुजकी मासळी खाल्ल्याने कुष्ठरोग होतो, असे त्याचे ठाम मत होते. ते सिद्ध करायला त्याने म्हातारपणी दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थानचा दौरा केला आणि १९०६ मध्ये कुष्ठरोग आणि मत्स्याहार याच विषयावर पुस्तक लिहिले. मासे न खाणाऱ्यांनाही हा रोग होतो हा आक्षेप लोक घेतच होते. १९१३ मध्ये मरेपर्यंत त्याने मत सोडले नाही.

हचिन्सन लुच्चा नव्हता. त्याला गरिबांची कणव होती आणि त्याचे निरीक्षण कष्टाचे होते. पण किनाऱ्यावर कुष्ठरोगी जास्त दिसतात, किनाऱ्यावर खारी मासळी जास्त खाल्ली जाते, एवढ्या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्याने निकाल दिला. मी दोन आकडे शेजारी ठेवले होते. फरक इतकाच की त्याचे पुस्तक ग्रंथालयात गेले आणि माझा लेख फॉरवर्ड होत राहिला.

एवढ्यावर थांबलो असतो तर 'सुक्या मासळीबद्दलची भीती म्हणजे नुसता बागुलबुवा' असे लिहून मोकळा झालो असतो. तशी इच्छाही होती, कारण त्यातून माझी चूक भरून निघाल्यासारखी वाटली असती. पण मग मिनामाटा वाचले.

जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात मिनामाटा हे किनाऱ्यावरचे गाव आहे. तिथल्या चिसो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनत होते. त्या प्रक्रियेत पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरत, आणि सांडपाणी खाडीत सोडत. तिथे आधी मांजरे वेडीवाकडी नाचू लागली आणि मरू लागली. कोळीवस्तीतली मांजरे माशांवरच जगत. मग माणसे. हातपाय थरथरणे, बोलणे अडखळणे, दृष्टी आकसणे, झटके. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी आरोग्य केंद्राला कळवले की मज्जासंस्थेचा अनोळखी आजार पसरतो आहे. रोगाचा 'अधिकृत शोध' याच तारखेचा मानला जातो.

मासे खाल्ल्याने हे होते, हे वर्षभरात स्पष्ट झाले होते. धातू कोणता ते ठरले नव्हते, पण मासा हा वाहक आहे यात शंका नव्हती. १९५७ मध्ये कुमामोतो प्रांताच्या प्रशासनाने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला विचारले, अन्न स्वच्छता कायद्याखाली या खाडीतल्या माशांच्या विक्रीवर बंदी घालावी का? सप्टेंबरमध्ये उत्तर आले. खाडीतले सगळेच मासे आणि शिंपले विषारी झाल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. हे उत्तर मी तीनदा वाचले. 'सगळेच मासे' सिद्ध करायचे म्हणजे समुद्र रिकामा करायचा. हचिन्सनने पुराव्याची फिकीर न करता मासळीला दोषी धरले. इथे पुराव्याची अशी अट घातली की ती कधी पुरी होऊच नये.

१९५८ मध्ये कारखान्याने सांडपाण्याचे तोंड खाडीतून हलवून नदीच्या मुखाशी नेले आणि आजार नव्या गावांत गेला. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पारा हे कारण जाहीर केले. त्याच वर्षी डॉ. होसोकावा कारखान्याचे सांडपाणी अन्नात घालून मांजरांना देत होते. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या नोंदवहीतल्या ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दाबला. ३० डिसेंबर १९५९ रोजी रोग्यांशी 'सहानुभूती निधी'चा करार झाला. मृतामागे तीन लाख येन, आणि पुढे कधी कारखाना दोषी ठरला तरी जास्त भरपाई मागायची नाही, असे कलम त्यात होते. कारखान्याने ती प्रक्रिया थांबवली मे १९६८ मध्ये, आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. तोवर १९६५ मध्ये निगाता इथे दुसऱ्या एका कारखान्याखालच्या नदीवर तोच आजार निघाला होता. होसोकावांनी १९७० मध्ये आजारपणात अंथरुणावरून मांजर क्रमांक ४०० ची साक्ष दिली आणि काही महिन्यांत ते वारले. मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले आणि तो सहानुभूतीचा करारही रद्द ठरवला.

मिनामाटातली एक गोष्ट मात्र माझ्या विषयाला अगदी लागून आहे. आईच्या पोटातच विषबाधा झालेली मुले तिथे जन्मली होती. बाळंतपणाच्या वेळी त्यांच्या अंगात किती पारा होता हे वीस वर्षांनी कसे कळणार? जपानी घरांत बाळाची नाळ वाळवून डबीत जपून ठेवायची चाल आहे. डॉ. मासाझुमी हारादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन त्या वाळलेल्या नाळा मागितल्या आणि त्यांतला मिथिल पारा मोजला. १९७५ मध्ये त्यावरचा निबंध 'नेचर' या नियतकालिकात आला. वाळल्यावर पाणी गेले होते, पारा तसाच होता. सुक्या बोंबलाबद्दल मला जे कळायला हवे होते, ते त्या डब्यांत होते.

मिथिल पारा माशाच्या चरबीत साठत नाही, मांसातल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो. म्हणून उन्हात उडत नाही, भिजवून पाणी फेकले तरी निघत नाही, तळून जात नाही. कॅडमियमची तऱ्हा वेगळी आहे, ते माशाच्या आतड्यात, यकृतात आणि मूत्रपिंडात जास्त जमते. मोठा मासा पोट काढून खारवला तर बराचसा भाग फेकला जातो; जवळा, छोटी मांदेली आपण सगळीच्या सगळी खातो. शिसे हाडांत आणि कवचात बसते, शिवाय वरून धुळीबरोबर येते. रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मासळीचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवे की देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये. त्याआधीची कित्येक दशके गाड्यांच्या धुरातले शिसे कडेच्या मातीत बसत होते आणि माती काही धुऊन जात नाही. धुळीतले शिसे स्वच्छ धुण्याने कमी होते, पाऱ्याला धुण्याचा उपयोग नाही. आमच्याकडे सुकट भाजून, पाखडून, धुऊन घेतात, ती चाल वाळूसाठी होती. पण चांगली आहे.

मग आमच्या समुद्रात पारा आला कुठून? इथे मीठ पुन्हा गोष्टीत येते. कॉस्टिक सोडा मिठापासून करतात. मिठाच्या द्रावणातून वीज सोडायची. जुन्या पद्धतीत एका बाजूला पाऱ्याचा वाहता थर असे. सोडियम त्या पाऱ्यात मिसळून बाहेर पडे, मग पाणी घातले की कॉस्टिक सोडा तयार आणि पारा पुन्हा फिरायला मोकळा. कागदावर पारा संपत नाही. प्रत्यक्षात थोडा वाफेबरोबर, थोडा गाळाबरोबर, थोडा सांडपाण्याबरोबर जात राहतो. कॉस्टिक सोडा रेयॉनला लागतो, साबणाला लागतो, कागदाला लागतो. कल्याण-अंबरनाथ आणि ठाणे-बेलापूरचा पट्टा याच उद्योगांनी भरला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर वेग वाढला. पाणी गेले उल्हास नदीत आणि ठाण्याच्या खाडीत. खाडीच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथिल पारा करतात. मग गाळातला किडा, किडा खाणारी कोळंबी, कोळंबी खाणारा मासा.

हे कुणाला कळले नव्हते असेही नाही. मुंबई-ठाणे परिसरातल्या माशांतील पाऱ्याची प्राथमिक पाहणी तेजम आणि हलदर यांनी १९७५ मध्येच प्रसिद्ध केली होती. म्हणजे मिनामाटाच्या निकालानंतर दोनच वर्षांनी. कारवारजवळच्या कॉस्टिक सोडा कारखान्यालगतच्या पाऱ्यावर कृष्णकुमार आणि पिल्लै यांचा निबंध १९९० चा आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या संशोधकांनी उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्याचा अभ्यास २००३ मध्ये मांडला. गाळात नळी खुपसून उभा तुकडा काढला की खालचा थर जुना, वरचा नवा. दप्तरखान्यात कागद सापडत नाहीत ते असे चिखलात सापडतात. त्याच २००३ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण सनदेत पाऱ्याच्या पद्धतीचे कॉस्टिक कारखाने २०१२ पर्यंत बदलायचे ठरले. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१३ मध्ये मिनामाटाचेच नाव दिले गेले आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. नवा पारा कमी होतो आहे. जुना गाळात आहे, आणि भरतीओहोटी, गाळ उपसणी, पुलांचे खांब त्याला ढवळत असतात.

पण ठाण्याच्या खाडीतला गाळ आणि बाजारातला बोंबील यांच्यात सरळ रेघ ओढायची नाही, हे मी शिकलो आहे. बोंबील खुल्या समुद्रात डोलीच्या जाळ्यात येतो. वर्सोवा, उत्तन, अर्नाळा, सातपाटी इथला असेल, नाहीतर जाफराबादकडून ट्रकने आलेला गुजरातचा असेल. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात ढिगाला प्रत असते, भाव असतो, पण कुठल्या पाण्यातला हे ढिगाकडे पाहून कळत नाही. शिवाय बोंबील, जवळा, मांदेली ही कमी आयुष्याची जात. पारा वयाबरोबर आणि एकाने दुसऱ्याला खाण्याच्या पायऱ्यांबरोबर वाढतो. म्हणून जवळ्यात तो कमी असणे स्वाभाविक आहे, आणि खारवलेल्या मुशीत, मोठ्या पाकटात किंवा सुरमईत जास्त. 'सुकी मासळी' असा एकच शब्द वापरून दिलेला इशाराही चूक आणि दिलासाही चूक.

आता मर्यादेकडे येतो, कारण माझी चूक तिथे झाली होती. किलोमागे ०.५ मिलिग्रॅम हा आकडा काही भारतीय माणसाच्या ताटाकडे बघून आलेला नाही. अमेरिकेने १९७० च्या सुमारास माशांसाठी हीच मर्यादा लावली आणि १९७९ मध्ये, मासळी व्यापाऱ्यांशी कोर्टात हरल्यावर, ती दुप्पट केली. जपानने १९७३ मध्ये ०.४ ठरवली. या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ताजा किंवा बर्फातला मासा होता. आपल्या भेसळ प्रतिबंधक नियमांत मासे आणि ०.५ एवढेच आले, आणि २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत तोच आकडा पुढे आला. गंमत अशी की त्याच नियमांत शिशाच्या रकान्यात कोको पावडरीपुढे 'कोरड्या, चरबीरहित वजनावर' असा खुलासा आहे. कोकोचे पाणी मोजले गेले, बोंबलाचे राहिले. युरोपने २००६ च्या नियमात सरळ लिहिले की वाळवलेल्या पदार्थाला मर्यादा लावताना वाळवण्याने वाढलेली तीव्रता हिशेबात धरावी. सुक्या खाऱ्या माशांचे १९८९ चे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण ते कॉड जातीच्या माशांचे. आमच्या वलांडीवर कॉड कधी टांगला गेला नाही.

हिशेब अवघड नाही, त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. ओल्या बोंबलात शंभरात अठ्ठ्याऐंशीच्या आसपास पाणी. वाळून पंधरा टक्के पाणी उरले तर किलोचा दीडशे ग्रॅमहून थोडा कमीच माल राहतो, म्हणजे धातूची तीव्रता साधारण सातपट दिसणार. मावशीचे सात इथून येतात. जवळा साडेचार ते पाच पट. खारा बांगडा जेमतेम दीड-दोन पट, कारण त्यात पाणीही जास्त राहते आणि मिठाचे वजन वर चढते. एकाच दुकानातल्या तीन पाट्यांना तीन वेगळे भागाकार.

भागाकार करून झाला की माणूस निश्चिंत होतो. मीही झालो होतो, आठवडाभर. मग ध्यानात आले की पोट भागाकार करत नाही. शरीरात जातो तो एकूण पारा: किती ग्रॅम खाल्ले गुणिले त्यात किती होता. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथिल पाऱ्यासाठी शरीराच्या किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम ही सहन होण्याजोगी मात्रा ठरवली, ती पोटातल्या बाळाच्या मेंदूचा विचार करून. साठ किलोच्या बाईला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. उदाहरणादाखल धरू की सुक्या बोंबलात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे आणि तो सगळा मिथिल पारा आहे. रोज पंचवीस ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १७५ ग्रॅम खाल्ले तर ५२ मायक्रोग्रॅम झाले. मर्यादेत. आता बोंबलाच्या जागी खारी मुशी आणि ०.३ च्या जागी १ धरा. १७५ मायक्रोग्रॅम, जवळजवळ दुप्पट. पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा २४ वरच संपते. शिशाचे तर आणखी कठीण, २०१० मध्ये त्याच समितीने शिशासाठी ठरवलेली साप्ताहिक मात्रा मागे घेतली, कारण मुलांच्या बुद्धीला इजा होणार नाही अशी मात्रा सांगता येत नव्हती.

आणि हा रोजचा पंचवीस ग्रॅमचा आकडा? वर्षभराची सरासरी काढली तर तो फुगवलेला वाटेल. पण आमच्याकडे सुकी मासळी सरासरीने खात नाहीत. आगोटीला डबे भरतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ओले महाग किंवा नाहीच, मग कालवणाला सोडे, भाकरीबरोबर भाजलेला बोंबील, भाजीत जवळा. मिथिल पारा शरीरातून निम्मा व्हायला पन्नासहून जास्त दिवस लागू शकतात. म्हणजे जूनमध्ये साठायला लागलेला जुलैअखेर बराचसा अंगातच असतो. त्या दोन महिन्यांत दिवस भरत आलेली बाई घरात असेल तर तिच्या ताटाची नोंद वार्षिक सरासरीत कुठेच दिसणार नाही. आणि ती बाई बहुधा कोळीवाड्यातली किंवा घाटावरच्या मजुराच्या घरची असते, जिला सुक्या मासळीइतके स्वस्त प्रथिन दुसरे मिळत नाही. तिला 'खाऊ नका' सांगणे सोपे आहे. तिच्या गरोदरपणात घरच्यांनी मुशी-पाकटाऐवजी जवळा-मांदेली आणावी, सुकट नीट धुवावी, मोठ्या खाऱ्या माशाचे पोट साफ केलेले बघून घ्यावे, एवढे मात्र मी आता बेधडक सांगतो.

यंदा आगोटीच्या आधी मी पुन्हा त्याच मावशीकडे गेलो. बोंबील, जवळा आणि खारी मुशी, प्रत्येकी अर्धा किलो घेतली. माल कुठला ते विचारले. बोंबील जाफराबादचा, जवळा इथलाच, मुशीचे तिलाही ठाऊक नव्हते. व्यापाऱ्याने दिली तशी तिने मांडली. मी पिशव्यांवर लिहून घेतले. "पुन्हा छापणार काय?" तिने विचारले. मी हो म्हटले. तिने मुशी वजनात थोडी जास्त घातली, का ते मी विचारले नाही.

तिन्ही पिशव्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दिल्या. खिडकीवरच्या मुलाला सांगितले की पारा, कॅडमियम, शिसे हवे आणि प्रत्येकातले पाणी किती तेही हवे. त्याने फॉर्म पाहिला. आर्द्रतेचे वेगळे पैसे पडतील म्हणाला. मी तीन नमुन्यांचे भरले. अहवालाची वाट पाहतो आहे.